काळ्या पडद्याचे खिल्लारे

खिल्लारे सरांचं नाव निघालं की हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अजूनही एखादा शहाणा म्हणतोच, "ते व्हय? गुलाबशेठचा कॉम्प्युटर बिघडवला होता ते?" हे ऐकलं की माझं डोकं असं तापतं, की वर तवा ठेवला तर चार भाकरी निघाव्यात. अहो, बिघडवला? ज्या माणसानं त्या कॉम्प्युटरला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, त्यानं बिघडवला? आणि हे बोलणारे कोण, तर ज्यांना आपल्या घरच्या टीव्हीचा आवाज कमी करायला शेजारचं पोरगं बोलवावं लागतं ते!

मी तेव्हा गुलाबशेठच्या आडतीवर दिवाणजी होतो. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि जिल्हा झाला म्हणजे आपण सगळेच कलेक्टर झालो असं मोंढ्याला वाटू लागलं होतं. शेठची आडत होती, हळद पॉलिश करायचा कारखाना होता, मागं मोठाली गोदामं होती, आणि गोरेगाव-पुसेगावला खरेदीची दोन दुकानं. शेतकरी माल आणून गोदामात ठेवायचे आणि भाव आला की विकायचे. कुणाची किती पोती, कोणत्या थप्पीत, हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं शेठनं मनावर घेतलं. आता पॉलिशच्या ड्रममधून हळदीची धूळ अशी उडायची की आमच्याकडचे उंदीर जन्मताच पिवळे असत, आणि मांजर त्यांना हळदीला बसलेले नवरदेव समजून सोडून देई. त्या धुळीत कॉम्प्युटर खोकून खोकून मरत. तिसरा मेला तेव्हा कुणीतरी खिल्लारे सरांचं नाव सुचवलं.

मिलिंद खिल्लारे मूळचे गोरेगावचे, शाळामास्तरांचा मुलगा. नांदेडला शिकून, पुण्याला कंपनीत नोकरी करून परत आलेले. परत का आलात विचारलं की म्हणत, "तिथं समदे हळू आवाजात बोलतात. माझा घसा दुखायला लागला." आवाज असा की सर मोंढ्यात शिंकले तर तिकडं औंढ्याच्या देवळातली घंटा वाजावी. उंच, काटकुळे, शर्टाची वरची गुंडीही लावलेली, आणि इतरांच्या खिशाला पेन असतो तसा यांच्या खिशाला स्क्रू फिरवायचा पेचकस. नम्रता ही चीज त्यांच्या अंगाला कधी चुकून शिवली नव्हती. "या जिल्ह्यात सर्व्हर समजणारा माणूस एकच हाय," पहिल्याच दिवशी ते शेठला म्हणाले, "आन् तो तुमच्यापुढं उभा हाय. त्याला बसायला सांगा."

शेठनं बसायला सांगितलं. मग म्हणाले, "बोला, काय काय लागंल?"

"काय लागंल ते कोणीबी सांगतं शेठजी. आधी काय नको ते सांगा."

हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं, आणि ते फक्त मशिनीपुरतं नव्हतं. माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तर भिंतीकडं बघून म्हणाले, "दिवाणजी, दोन घड्याळं काहून? एक खोटं बोलून राहिलं का?" ताटातलं लोणचं, चटणी, पापड परत द्यायचे. "लोड वाढतो." त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांनी बँडवाल्यांपैकी निम्म्यांना आल्या पावली परत पाठवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "तुतारी ठेवा, एक ढोल ठेवा. बाकीचे नुसते गर्दी करून राहिले." शेवटी वरातीत एक ढोल, एक तुतारी आणि सरांचा आवाज. पण खोटं कशाला बोलू, आवाजामुळं बँडची उणीव भासली नाही.

हा त्यांचा हट्ट कधी कधी हाताबाहेरही जायचा. एकदा त्यांनी छापील पावतीवरून पेढीचं नावच काढून टाकलं. "पावती ज्याच्या हातात हाय त्याला ठावं हाय ती कोणी दिली." कर खात्याचा साहेब आला, पावतीची उलटी-सुलटी बाजू बघून त्याचा चेहरा दुधी भोपळ्यासारखा झाला. शेठला दोन दिवस त्याची मनधरणी करावी लागली. सरांनी नाव परत टाकलं, पण चूक झाली असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "खातं जुनं हाय, त्याला सवय न्हाई."

तर सर्व्हरची निवड. सर्व्हर म्हणजे पेढीचा मुख्य कॉम्प्युटर. बाकी दुकानं फोनच्या तारेवरून त्यालाच माहिती देणार आणि त्यालाच विचारणार. त्याच्या अंगात कोणती सिस्टीम घालायची, हा प्रश्न होता. नांदेडहून एक टायवाला विक्रेता आला. त्याची मशीन सुरू झाली की आधी गाणं वाजे, मग ढग दिसत, मग फुलं. सगळी पेढी गोळा झाली. हमालसुद्धा पाठीवरची पोती न उतरवता बघत उभे राहिले. सरांनी मोडीत निघालेला एक जुना डबा शेजारी ठेवला, मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स ही फुकटातली सिस्टीम घातली, आणि तिच्यातलंही अर्धंअधिक काढून टाकलं. पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं. गाणं नाही, ढग नाहीत, काही नाही.

"हे बंद पडलंय का?" शेठनं विचारलं.

"हे काम करून राहिलंय. काम करणारा माणूस गाणं म्हणतो का?"

टायवाला हसला. सर म्हणाले, "दोन्ही मशिनी पॉलिशच्या शेडमधी ठेवू. लाइट जाईल तवा बघू." आता हिंगोलीत लाइट जाण्यासाठी वाट पाहावी लागत नसे, येण्यासाठी लागे. लाइट गेली, आली, परत गेली, परत आली. सरांचा डबा लाइट आल्याबरोबर डोळे चोळत उठे आणि मागच्या पोत्यापासून पुढं मोजू लागे. टायवाल्याची मशीन गाणं सुरू करी, ढग आणी, आणि फुलं उमलायच्या आत लाइट परत जाई. संध्याकाळपर्यंत तिनं एकही पोतं मोजलं नव्हतं, पण आमच्या हमालांना ते गाणं तोंडपाठ झालं होतं.

तरी शेठला शंका होती. "खिल्लारे, हे फुकट हाय म्हणता. फुकटचं औषध लागू होत न्हाई."

"फुकट म्हणू नका, उघडं म्हणा. आत काय घातलंय ते कोणालाबी वाचता येतं. तुमी हळदीच्या पोत्याला टोच्या मारून नमुना काढता का न्हाई? का शिवलेलं पोतं तसंच घेता?"

"आन् चोर आला तर?"

इथं सरांनी जे सांगितलं ते ऐकून मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले. सर बौद्ध, देवळात पाऊल न टाकणारे. पण माणसाला त्याच्या भाषेत सांगायचं त्यांना बराबर कळे. म्हणाले, "शेठजी, तुमी दर सोमवारी औंढ्याला जाता. गाभाऱ्यात कसं उतरता?"

"भुयारातून. एकेकानं, वाकून."

"काहून? कारण दार एकच, आन् तेबी अरुंद. आता लग्नाचा मांडव बघा, चारी बाजूंनी उघडा. तिथं वऱ्हाडाआधी कुत्री जेवून जातात. या टायवाल्या सायबाचा मांडव हाय. माझा गाभारा हाय. जी दारं लागत न्हाईत ती मी लावली न्हाईत, बुजवून टाकली."

शेठ खूश. काळ्या पडद्याचा डबा पेढीवर बसला. एका मातीच्या माठाएवढा पंखा त्याच्या शेजारी, धुळीसाठी वर मलमलचं फडकं. मी सांगतो, तो डबा तीन वर्षं असा चालला की आमच्यापैकी सगळे आजारी पडले, शेठची गाडी दोनदा इंजिनाला आली, पण त्याला शिंक आली नाही. गोरेगावचा शेतकरी तिथल्या दुकानात विचारे, "माझे पोते किती?" आणि फोनची तार जागी असली तर तो चहा फुंकून पिईपर्यंत हिंगोलीहून उत्तर येई. शेतकरी सरांना "सायेब" म्हणू लागले. मोंढ्यात एवढा मान आधी फक्त वजनकाट्याला होता.

आणि मग बंडूशेठ आले.

बंडूशेठ म्हणजे गुलाबशेठचे मेव्हणे. दोन धंदे बुडवून बहिणीकडं राहायला आलेले, अंगठ्या मात्र आठ. त्यांना पेढीवर काहीतरी काम हवं होतं, पण काम नको होतं. काळा पडदा त्यांच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होता, आणि नुसता पडदाच खुपत होता असं समजण्याइतका मी भोळा नाही. "मेहुणे, पेढीच्या चाव्या कोणाच्या हातात दिल्यात तुमी?" हे ते कधीही विचारत, सर शेजारच्या खोलीत असले तरी. "कोणाच्या" हा शब्द ते ज्या पद्धतीनं म्हणत, ती पद्धत आमच्या भागात सगळ्यांना समजते.

दसरा आला. आमच्याकडं खंडेनवमीला सगळ्या अवजारांची पूजा. काटा, ड्रम, ट्रॅक्टर, पोती शिवायची सुई, सगळ्यांना झेंडूची माळ. सर दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जात. ती त्यांची सुट्टी ठरलेली. त्या वर्षीही गेले. त्यांची पाठ फिरताच बंडूशेठनं टूम काढली. "पूजेत काळं तोंड? लक्ष्मी येईल का परत जाईल?"

गुरुजी बिचारे सरळ. म्हणाले, "मशिनीला कसलं तोंड? डब्यालाच कुंकू लावू."

पण बंडूशेठनं कुठूनतरी फुटपाथवरची चोरीची सीडी आणली होती. हिशोब तेवढा बाजूला काढून, सरांची सिस्टीम पुसून त्यांनी रंगीत सिस्टीम घातली, आणि पडद्यावर लक्ष्मी आणली. तिच्या हातातून सोन्याची नाणी टपाटप पडत. शेठ हरखले. पासवर्ड ठेवला तोही लक्ष्मीच, म्हणजे सगळ्यांच्या ध्यानात राहावा. वर फोनची तार बाहेरच्या जगाला जोडली, कारण बंडूशेठला क्रिकेटचा स्कोअर हवा होता.

एवढ्यावर थांबले असते तरी मी त्यांना मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. पण पूजा सुरू व्हायच्या आधी त्यांनी एक बाटली आणवली आणि त्या डब्यावर गोमूत्र शिंपडलं. काट्यावर नाही. ट्रॅक्टरवर नाही. ड्रमवर नाही. फक्त त्या एका डब्यावर, ज्याला खिल्लारे सरांचा हात लागला होता. गुरुजींनी मान फिरवली. मी म्हणालो, "बंडूशेठ, हे काय?" तर म्हणाले, "दिवाणजी, तुमी हिशोब बघा." शेठ समोर उभे होते. त्यांना दिसलं नाही असं नव्हतं.

सर परतले ते हातात पुस्तकांचा गठ्ठा घेऊन. पडद्याकडं बघितलं, नाकानं दोनदा हुंगलं. "शेठजी, डब्याला वास काहून येऊन राहिला?"

"तीर्थ शिंपडलं, पूजेचं," शेठ दुसरीकडं बघत म्हणाले.

"अस्सं. काट्यावर शिंपडलं का?"

शेठनं समोरची चोपडी उघडली. सरांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा हळू ऐकला. म्हणाले, "वासाचं मी माझं बघतो. पण तुमी गाभाऱ्याचा मांडव केलाय. समदी दारं उघडी हायेत. आजच मला परत करू द्या, न्हाईतर शेतकऱ्याला तकलीफ होईल." शेठ म्हणाले, दिवाळीपर्यंत राहू द्या, लक्ष्मीला मधेच उठवू नये.

दिवाळीपर्यंत कोण थांबतंय? सोयाबीनचा हंगाम ऐन भरात. मोंढ्याबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग लागलेली, आणि एके सकाळी लक्ष्मीच्या हातातलं नाणं अर्ध्यात अडकलं. खाली पडेना, वर जाईना. बाहेरून कसला तरी किडा शिरला होता आणि त्यानं आतलं सगळं खाऊन टाकलं होतं. कुणाची किती पोती, काही दिसेना. दुपारपर्यंत पेढीच्या ओट्यासमोर शेतकऱ्यांची अशी गर्दी झाली की मुंगीलाही तिकीट काढून आत यावं लागलं असतं. "आमचा माल कुठाय? शेठ, माल दाखवा!"

तेव्हा बंडूशेठ मेहुण्यांच्या कानाला लागले, आणि गुलाबशेठ ओट्यावर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "खिल्लारेनं नागपूरला जायच्या आधी मशिनीत काहीतरी घालून ठेवलं. त्याचीच करणी हाय."

सर तिथंच होते. गर्दीत कुजबुज सुटली. मी ओरडलो, "खोटं हाय! मशीन बंडूशेठनं बदलली!" पण आयुष्यभर पिवळ्या उंदरांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाचं कोण ऐकतंय? दोघं-तिघं हसलेसुद्धा.

आता दुसरा कोणी असता तर पेचकस फेकून निघून गेला असता. सर ओट्यावर चढले आणि शेतकऱ्यांना म्हणाले, "कोणाचं एक पोतं कमी होणार न्हाई. काट्यावरच्या चिठ्ठ्या घेऊन रांगेत या." नागपूरला जायच्या आदल्या दिवसापर्यंतची नक्कल त्यांनी पुसेगावच्या दुकानात ठेवलेली होती, ती आणली. डबा पुसून आपली काळी सिस्टीम परत घातली. पुढचा सगळा माल चिठ्ठ्या बघून स्वतः टाइप केला. मधे पाणीसुद्धा मागितलं नाही. शेवटचा शेतकरी पोती मोजून घेऊन गेला तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि ओट्यावर शेठसमोर उभे राहिले.

मोंढा अजून भरलेला होता. आमच्याकडच्या जुन्या आडत्यांची एक रीत आहे. सौदा तोंडानं बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव ठरवायचा, म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही. शेठचा सगळा जन्म रुमालाखाली गेलेला. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, सरांच्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. किती बोटं दाबली ते मला दिसलं नाही. पगार वाढवत होते की माफी मागत होते, ते त्यांनाच ठाऊक. डोळ्यांत पाणी होतं, हे मात्र खरं.

सरांनी हात तसाच ठेवला आणि त्या औंढ्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "शेठजी काहीतरी बोलून राहिलेत, पण मला ऐकू येईना. माझ्यावर आळ घेतला तवा रुमाल नव्हता टाकला. आताबी तोंडानं बोला. एवढंच म्हणा, की खिल्लारेनं काही केलं न्हाई."

एवढंच! चार शब्द! अहो, ज्या माणसानं कांद्याच्या भावावर दोन-दोन तास भाषणं दिली, त्याच्या तोंडून तेवढे शब्द निघेनात. शेठनं बंडूशेठकडं बघितलं, बंडूशेठनं आपल्या अंगठ्यांकडं बघितलं, आणि मोंढ्यानं, सबंध मोंढ्यानं, जमिनीकडं बघितलं. सरांनी रुमाल काढून घडी केली, शेठच्या खांद्यावर ठेवला आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांनी मोंढ्यात पाऊल ठेवलं नाही. गोरेगावला जीपच्या थांब्याजवळ छोटंसं दुकान टाकलं. दूध डेअरी, दाळमिल, खताची दुकानं, सगळ्यांचे सर्व्हर तेच बसवत, सगळे काळ्या पडद्याचे. मी भेटायला जायचो. "दिवाणजी, शेठ काही बोलले का?" हे एकच विचारायचे, तेही उठता उठता. मी म्हणायचो, "न्हाई सर." मग म्हणायचे, "वय झालंय त्यायचं, लवकर बोलायला पायजे." शेठला मी दोनदा सांगितलं. "सांगतो, सांगतो," म्हणायचे. मोंढ्यात मात्र ती गोष्ट वाढत गेली. आधी सरांनी मशिनीत काहीतरी घातलं होतं, मग मशीनच नेली होती, मग गोदाम फोडलं होतं. आणि लोक थापाड्या मला म्हणतात!

गुलाबशेठ न बोलताच गेले.

मोंढ्यात, शेठच्या ओट्यासमोरच, शोकसभा ठेवली. मांडव, खुर्च्या, माइक, फोटोला हार. एकेक वक्ता उठून शेठना असा वाढवत होता की मलाही लाज वाटली. थापेचीसुद्धा काही मर्यादा असते. कुणी त्यांना कर्ण केलं, कुणी हरिश्चंद्र. शेवटी सूत्रसंचालकानं विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द? मागच्या रांगेतून खिल्लारे सर उठले. केस पांढरे झालेले, वरची गुंडी लावलेली. सगळ्या माना वळल्या. बंडूशेठ पहिल्या रांगेत होते. त्यांनी माइकवाल्याला खूण केली. सर माइकपाशी पोचले तोवर माइक मेला होता.

सरांनी माइक बाजूला ठेवला. त्यांना कधी लागला होता?

"शेठजी माणूस चांगला होता," ते म्हणाले. "त्यायनं माझ्यावर या ओट्यावरून एक आळ घेतला होता. तो खोटा होता. हे त्यायला ठावं होतं, आन् तुमा समद्यायला ठावं हाय. सांगायचं त्यायचं राहून गेलं, म्हून मी सांगून राहिलो. बस."

बंडूशेठ तोंड उघडणार, तेवढ्यात घाबरलेल्या सूत्रसंचालकाला दुसरं काही सुचलं नाही, आणि त्यानं घाईघाईत जाहीर केलं, "आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून..."

झालं. अख्खा मोंढा उठला. आडते, दलाल, हमाल, बंडूशेठ, झाडून सगळे हात बांधून, माना खाली घालून उभे. बोलायची सोय नाही, हलायची सोय नाही. आणि त्या वाकलेल्या मानांच्या मधल्या वाटेनं खिल्लारे सर सावकाश चालत बाहेर निघाले. मी मान वर करून बघत होतो. मांडवाच्या तोंडाशी गोरेगावची जीप उभी होती. ड्रायव्हरनं "चला सायेब" म्हणून दार उघडलं, तसे सर थांबले, वळले, सगळ्या मोंढ्याकडं एकदा नीट बघून घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत म्हणाले, "थांब रे जरा. त्यायचे दोन मिनिटं पुरे होऊ दे."